घरगुती शिडी

घरगुती शिडी : घरातील हाताच्या आवाक्याबाहेरील कामांसाठी अधूनमधून वापरले जाणारे, एका माणसाला सहज उचलता येणारे व बहुधा घडी करून ठेवता येणारे चढण्याचे साधन. बाजूचे दोन उभे दांडे आणि त्यांना ठराविक अंतरांवर जोडणाऱ्या आडव्या पावठ्या (पायऱ्या) हे शिडीचे मूळ स्वरूप होय. आधाराच्या दृष्टीने शिड्यांचे दोन मुख्य वर्ग पडतात : भिंत, झाड वा खांब यांवर वरचे टोक टेकवून उभी करावयाची टेकती शिडी आणि पाठीमागील पायांच्या जोडीमुळे स्वतःच्याच बळावर उभी राहणारी दुहेरी किंवा स्वाधार शिडी. शेतात, बांधकामावर व लष्करात पहिल्या वर्गाचे, तर घरात दुसऱ्या वर्गाचे प्राबल्य आढळते. रोज चढणाऱ्या माणसाचे हे साधन वर्षातून चार-दोन वेळा चढणाऱ्या माणसाच्या हाती कसे आले आणि या स्थित्यंतरात चढणाऱ्याच्या अंगचे कौशल्य टप्प्याटप्प्याने साधनाच्या घडणीत कसे उतरवावे लागले, हा घरगुती शिडीच्या इतिहासाचा मुख्य आशय आहे.

संज्ञा : मराठीतील ‘शिडी’ हा शब्द हिंदी ‘सीढी’चा सगोत्र आहे. कोकणात व गोव्यात शिडीला ‘निसण’ म्हणतात. हा शब्द संस्कृत ‘निःश्रेणी’ या शब्दापासून आलेला आहे. लाकडी जिन्यासाठी ‘दादर’ हा शब्द जुन्या मराठीत रूढ होता. जिना हा इमारतीचा स्थिर भाग असतो व शिडी हलविता येते, हा आजचा भेद पूर्वी तितका काटेकोर नव्हता. जुन्या घरांत माळ्यावर जाण्यासाठी असलेली उभट लाकडी चढण ही बांधणीने शिडी व उपयोगाने जिनाच असे. दुहेरी शिडीला कारागिरांच्या बोलीत ‘घोडा’ असे म्हटले जाते.

प्राचीन काळ : चढण्याच्या साधनांचे सर्वांत जुने पुरावे शैलचित्रांत मिळतात. स्पेनमधील व्हॅलेन्सिया प्रांतात बीकोर्प गावाजवळील आरान्या गुहांतील एका प्रसिद्ध चित्रात लोंबत्या दोरांच्या किंवा वेलींच्या आधाराने मधाच्या पोळ्यापर्यंत पोहोचलेली एक मानवाकृती दिसते. हे चित्र सु. ८,००० वर्षांपूर्वीचे असावे, असे सामान्यतः मानले जाते. तथापि त्याच्या कालनिश्चितीबाबत मतभेद आहेत. मध्य प्रदेशातील पचमढी परिसरातील शैलचित्रांतही मध गोळा करण्याची दृश्ये आहेत. अन्न मिळविण्यासाठी केलेली चढण हा शिडीचा उगम असावा, या तर्कास या चित्रांमुळे पुष्टी मिळते.

घराशी शिडीचा संबंध नवाश्मयुगात स्पष्ट होतो. तुर्कस्तानातील चाताल ह्यूयूक या इ. स. पू. सातव्या सहस्रकातील वसाहतीत घरे एकमेकांना खेटून बांधलेली होती व त्यांमधून गल्ल्या जवळजवळ नव्हत्या. लोक छपरांवरून ये-जा करीत आणि छपरातील झरोक्यातून शिडीने घरात उतरत. त्याच झरोक्यातून चुलीचा धूरही बाहेर पडे. येथे शिडी हेच घराचे दार होते. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील प्वेब्लो लोकांच्या जुन्या घरांतही छपरावरून शिडीने प्रवेश करण्याची पद्धत होती व संकटकाळी शिडी वर ओढून घेतली की घर बंद होत असे.

लाकूड कुजत असल्याने प्रत्यक्ष शिड्यांचे प्राचीन अवशेष विरळाच सापडतात. ऑस्ट्रियातील हालश्टाट येथील मिठाच्या खाणीत २००३ साली सापडलेला लाकडी जिना या दृष्टीने महत्त्वाचा आहे. वृक्षवलयांच्या अभ्यासावरून त्याचे लाकूड इ. स. पू. १३४४ च्या सुमारास तोडलेले असल्याचे निश्चित झाले असून मिठामुळे ते उत्तम स्थितीत टिकून राहिले. बाजूच्या ओंडक्यांना खोबणी पाडून त्यांत पायऱ्या बसविलेल्या आहेत आणि चढाव कमीजास्त असला, तरी पाय ठेवण्याची फळी सपाट ठेवता येईल अशी ही रचना आहे. सुटे भाग तयार करून ते जागेवर जोडण्याची व चढावानुसार रचना जुळवून घेण्याची कल्पना किती जुनी आहे, हे यावरून दिसून येते.

लांबी व कोन : घरातल्या शिडीचे माप सुताराच्या अनुभवावर सोपविलेले असे, ते लिहून ठेवण्याची गरज कोणाला वाटली नाही. शिडीच्या मापांविषयीचा एक जुना लेखी विचार लष्करी साहित्यात सापडतो. ग्रीक इतिहासकार पॉलिबियस (इ. स. पू. दुसरे शतक) याने मॅसिडोनियाचा राजा पाचवा फिलिप याच्या थेसालीतील मेलिटिया या नगरावरील अयशस्वी हल्ल्याची (इ. स. पू. २१७) हकिकत दिली आहे. हल्ला अनपेक्षित होता. परंतु शिड्या तटाच्या मानाने आखूड निघाल्यामुळे तो फसला. सेनापतीला भूमिती आली पाहिजे, असे सांगून पॉलिबियसने एक नियम दिला आहे : तटाची उंची १० असेल, तर शिडी निदान १२ लांबीची असावी आणि तिचा पाया तटापासून शिडीच्या निम्म्या लांबीवर असावा. पाया याहून दूर गेल्यास माणसांच्या भाराने शिडी मोडते आणि जवळ आणल्यास ती फार उभट होऊन चढणाऱ्यास धोक्याची ठरते, अशी कारणेही त्याने दिली आहेत.

पॉलिबियसच्या नियमानुसार शिडीचा जमिनीशी कोन ६०° होतो. टेकत्या शिडीसाठी आज रूढ असलेला नियम याहून वेगळा आहे : शिडीच्या टेकूपर्यंतच्या लांबीच्या एकचतुर्थांश अंतरावर पाया ठेवावा. त्यामुळे जमिनीशी सु. ७५° चा कोन होतो. या फरकाचे कारण स्थितिशास्त्राच्या साध्या गणिताने कळते. भिंत गुळगुळीत मानली व शिडीचे स्वतःचे वजन सोडून दिले, तर ७० किग्रॅ. वजनाचा माणूस शिडीच्या टोकाशी पोहोचला असता पायथ्याशी शिडीला बाहेर ढकलणारा जोर ६०° च्या कोनात सु. ४० किग्रॅ. भारइतका, तर ७५° च्या कोनात केवळ सु. १८ किग्रॅ. भारइतका असतो. हा जोर जमिनीच्या घर्षणाने पेलावा लागतो. शिवाय माणूस जसजसा वर जातो, तसतसा हा जोर वाढत जातो. त्यामुळे पहिल्या दोन पायऱ्यांवर पक्की वाटलेली शिडी वरच्या पायरीवर गेल्यावर अकस्मात घसरते. लष्करी शिडीचा पायथा धरून ठेवण्यास माणसे उपलब्ध असत व तिच्यावर एकाच वेळी अनेक जण चढत. म्हणून घसरण्यापेक्षा मोडण्याची भीती मोठी होती. घरात माणूस बहुधा एकटा असतो व फरशी गुळगुळीत असते. म्हणूनच टेकती शिडी घराला फारशी मानवली नाही.

महाराष्ट्रातील पारंपरिक शिड्या : महाराष्ट्रात व कोकणात पारंपरिक शिडी मुख्यत्वे बांबूची असे. पोकळपणामुळे बांबू हलका असतो आणि पेरांवरील गाठींमुळे तो सहज चेपत नाही. कळक किंवा माणगा जातीच्या बांबूंना भोके पाडून त्यांत आडव्या दांड्या ठोकणे आणि दांड्या काथ्याने किंवा सुंभाने आवळून बांधणे, अशा दोन्ही पद्धती प्रचलित होत्या. एकाच बांबूच्या फांद्यांचे वीतभर खुंट राखून केलेली एकदांडी शिडीही ग्रामीण भागात आढळे. माडावर चढण्यासाठी खोडालाच खाचा पाडण्याची कोकणातील रीत हे शिडीचे आणखी साधे रूप म्हणता येईल. कौलारू छपराची शाकारणी, आंबे उतरविणे, मांडव घालणे, भिंती सारवणे व रंगविणे ही या शिड्यांची नेहमीची कामे होत. अशी शिडी बहुधा प्रत्येक घरी नसे. वाडीत वा आळीत एखादी असे व गरजेनुसार ती मागून नेली जाई. ती वापरणारा माणूस मात्र चढण्यात मुरलेला असे आणि वापरण्यापूर्वी दोर ओढून, बांबू ठोकून पाहणे हा त्याच्या सवयीचा भाग असे.

माळ्यावर जाण्याची लाकडी शिडी घरातच कायम उभी असे. तिची वरची टोके तुळईला अडकविलेली व पाया जमिनीत रोवलेला असल्याने ती सरकत नसे. घरातील इतर लहानसहान उंच कामे पाट, घडवंची किंवा एखादी पेटी यांवर उभे राहून उरकली जात. शहरांत सिमेंट-काँक्रीटच्या इमारती वाढल्यावर माळा गेला. पण त्याची जागा स्वयंपाकघराच्या व न्हाणीघराच्या वरच्या पोटमाळ्याने घेतली. छताला पंखे व दिवे आले, भिंतींत उंचावर कपाटे आली. मात्र पोटमाळ्याला कायमची शिडी नव्हती. दसरा-दिवाळीच्या साफसफाईपुरती, आकाशकंदील टांगण्यापुरती किंवा दिवा बदलण्यापुरती लागणारी आणि एरवी दाराआड मावणारी शिडी ही गरज अशा रीतीने निर्माण झाली. यूरोपात व अमेरिकेत तिची सोडवणूक आधीच सुरू झालेली होती.

ग्रंथालयीन शिड्या : कमी जागेत मावणाऱ्या शिडीचा विचार प्रथम श्रीमंतांच्या ग्रंथसंग्रहांत झाला. अठराव्या शतकात इंग्लंडमधील मोठ्या घरांत छताला भिडणारी पुस्तकांची कपाटे आली आणि वरच्या फळीवरील ग्रंथ काढण्यासाठी दिवाणखान्यात शोभेल अशी शिडी लागू लागली. लंडनचा कारागीर रॉबर्ट कँबेल याने १७७४ मध्ये टेबल, खुर्ची इ. सामानात दडविता येणाऱ्या पायऱ्यांसाठी पेटंट मिळविले. टॉमस शेरटन याने फर्निचरच्या आपल्या आराखड्यांच्या ग्रंथात (१७९१–९३) अशा पायऱ्यांचे नमुने दिले आहेत. लंडनच्या मॉर्गन व सँडर्स या कारखान्याची, उलटली की चार पायऱ्यांची शिडी होणारी हातांची खुर्ची १८११ मध्ये विशेष गाजली. अमेरिकेतील बेंजामिन फ्रँक्लिन यांच्याकडेही बैठक उलटली असता पायऱ्या तयार होतील अशी खुर्ची होती. पावठ्या बाजूच्या दांड्यांत मिटून संपूर्ण शिडीचा एक गोल खांब व्हावा, अशीही रचना या काळात प्रचारात होती. ही सारी साधने महाग होती. परंतु वापर नसताना शिडीने जागा अडवू नये आणि त्यासाठी सांधे हलते असावेत, या दोन कल्पना त्यांतून पुढे आल्या. त्याचबरोबर हलत्या सांध्याचे दौर्बल्यही शिडीत शिरले.

घडीची शिडी : बिजागरीने जोडलेल्या पाठीमागील पायांची दुहेरी शिडी एकोणिसाव्या शतकापूर्वीही रंगारी व बागकाम करणारे वापरीत असत. तिला घरगुती वस्तूचे स्वरूप देण्यात अमेरिकेच्या ओहायओ राज्यातील डेटन येथील जॉन बाल्झली याचा वाटा महत्त्वाचा मानला जातो. त्याला ७ जानेवारी १८६२ रोजी घडीच्या शिडीसाठी अमेरिकेचे पेटंट (क्रमांक ३४,१००) मिळाले. दुहेरी शिडीचे यश तीन गोष्टींवर अवलंबून होते. एक, गोल दांडीऐवजी सपाट पायरी. त्यामुळे तळव्याला आधार मिळून जास्त वेळ उभे राहता येऊ लागले. दोन, वरच्या बाजूची बिजागरी; आणि तीन, पुढचे व मागचे पाय ठराविक अंतरापलीकडे फाकू नयेत म्हणून त्यांमध्ये बसविलेली ताणपट्टी. प्रारंभी ताणपट्टीऐवजी दोर वा साखळी वापरली जाई. दोर पाय फाकण्यास अटकाव करतो; पण पाय आत येण्यास अटकाव करीत नाही. पूर्ण उघडल्यावर ताठ होऊन दोन्ही दिशांना अटकाव करणाऱ्या धातूच्या ताणपट्टीमुळे हा दोष दूर झाला. घरगुती शिडीतील हा लहानसा भाग तिच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे.

द्रव्ये : विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत घरगुती शिड्या लाकडीच होत्या. ॲल्युमिनियमचे विद्युत् विच्छेदनाने स्वस्तात उत्पादन करण्याची पद्धत १८८६ मध्ये उपलब्ध झाली, तरी शिड्यांसाठी त्याचा मोठ्या प्रमाणावर वापर दुसऱ्या महायुद्धानंतर सुरू झाला. युद्धकाळात विमानांसाठी वाढविलेली ॲल्युमिनियमची उत्पादनक्षमता शांततेच्या काळात घरगुती वस्तूंकडे वळली. अमेरिकेतील वर्नर कंपनीने १९५० मध्ये ॲल्युमिनियमची शिडी बाजारात आणली. ॲल्युमिनियमची घनता (२·७ ग्रॅ./घ. सेंमी.) पोलादाच्या सु. एकतृतीयांश असते. लाकडापेक्षा हा धातू जड असला, तरी तापवून ठराविक आकाराच्या छिद्रातून दाबून काढल्यास त्याचे पातळ व पोकळ छेदाचे दांडे बनविता येतात. त्यामुळे शिडी एकंदरीत हलकी होते. तो कुजत नाही, त्याला वाळवी लागत नाही आणि तो सहसा गंजत नाही. किनारपट्टीच्या दमट हवेत हे गुण विशेष उपयोगी पडतात [→ ॲल्युमिनियम].

हलकेपणाची किंमत मात्र स्थैर्यात मोजावी लागते. तळाशी ५० सेंमी. रुंद असलेल्या शिडीवर ७० किग्रॅ. वजनाचा माणूस एका बाजूस झुकला, तर २० किग्रॅ. वजनाची लाकडी शिडी त्याचा गुरुत्वमध्य मध्यरेषेपासून सु. ३२ सेंमी. दूर जाईपर्यंत तोल सांभाळते, ५ किग्रॅ. वजनाची ॲल्युमिनियमची शिडी सु. २७ सेंमी. अंतरावरच कलंडते. ॲल्युमिनियमची शिडी विजेची उत्तम वाहक असते, हा तिचा दुसरा दोष होय. विजेच्या कामासाठी काचतंतूंनी मजबुती दिलेल्या प्लॅस्टिकच्या दांड्यांच्या शिड्या विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रचारात आल्या. कोरड्या व स्वच्छ स्थितीत त्या वीजरोधक असतात. परंतु त्यांच्या पायऱ्या बहुधा ॲल्युमिनियमच्याच असतात आणि किंमतही अधिक असते. पोलादी नळ्यांच्या शिड्या स्वस्त असून भारतात त्यांचा मोठा खप आहे. त्या वजनदार असल्याने स्थिर राहतात. पण रंग उडालेल्या जागी, विशेषतः नळीच्या आतून, गंज धरतो व तो बाहेरून दिसत नाही.

आटोपशीर शिड्या : १९७० नंतरच्या दशकांत घरगुती शिडी अधिक आखूड घडीत मावावी यासाठी दोन दिशांनी प्रयत्न झाले. पहिल्या प्रकारात शिडीचे तीन-चार तुकडे कुलूपबंद होणाऱ्या बिजागऱ्यांनी जोडलेले असतात. त्यामुळे तीच शिडी टेकती, दुहेरी किंवा पाडाच्या (मचाणाच्या) स्वरूपात वापरता येते. सांध्यांबरोबर सरकत्या भागांचीही जोड असलेली, जर्मन कल्पनेवर आधारलेली बहुउपयोगी शिडी अमेरिकेत हॅरल्ड विंग यांनी १९७० च्या दशकात ‘लिट्ल जायंट’ या नावाने लोकप्रिय केली. दुसऱ्या प्रकारात दुर्बिणीच्या नळ्यांप्रमाणे एकमेकींत सरकणाऱ्या ॲल्युमिनियमच्या नळ्या असतात. प्रत्येक टप्पा ओढून पूर्ण बाहेर आला की स्प्रिंगच्या जोराने एक खिट्टी आतील छिद्रात शिरते व तो टप्पा जागीच अडकतो. सु. चार मी. लांबीची शिडी अशा रीतीने एक मीटरपेक्षा कमी उंचीच्या गठ्ठ्यात मावते.

या दोन्ही प्रकारांत सोय मोठी आहे. पण साध्या दुहेरी शिडीत जेथे एक बिजागरीची जोडी व दोन ताणपट्ट्या तपासाव्या लागतात, तेथे यांत प्रत्येक पायरीगणिक दोन खिट्ट्या किंवा प्रत्येक सांध्यावर दोन कुलुपे तपासावी लागतात. त्यांपैकी एक जरी अर्धवट बसली, तरी शिडी चढणाऱ्यासह खाली येते. शिडी जितकी आटोपशीर, तितकी ती कारखान्याच्या अचूकतेवर व वापरणाऱ्याच्या दक्षतेवर अधिक विसंबून असते. म्हणून या प्रकारातील अतिस्वस्त माल सर्वांत धोक्याचा ठरतो.

अपघात : शिडीवरून पडणे हा विषय दीर्घकाळ औद्योगिक सुरक्षेत मोडत असे. घरगुती वापर वाढल्यावर चित्र पालटले. अमेरिकेत १९९० ते २००५ या १६ वर्षांत रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत आलेल्या शिडीविषयक दुखापतींचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार या काळात एकंदर २१ लाखांहून अधिक व्यक्तींवर, म्हणजे वर्षाला सरासरी सु. १,३६,००० व्यक्तींवर उपचार करण्यात आले आणि या काळात अशा दुखापतींची वार्षिक संख्या निम्म्याहून अधिक वाढली. जखमींपैकी सु. एकदशांश व्यक्तींना रुग्णालयात ठेवून घ्यावे लागले. ज्या घटनांत अपघाताचे स्थळ नोंदलेले होते, त्यांपैकी ९७ टक्क्यांहून अधिक घटना घरे, शेतवाड्या अशा कामाव्यतिरिक्तच्या ठिकाणी घडल्या होत्या. रोज शिडी चढणारे कारागीर कमी व प्रासंगिक चढणारे लोक पुष्कळ असल्याने ही संख्या काही अंशी अपेक्षितच आहे. तरीही शिडीच्या सुरक्षेचा प्रश्न मुख्यत्वे घराचा प्रश्न झाला आहे, हे तीवरून स्पष्ट होते. घरातील पडण्याची उंची थोडी असली, तरी डोके फरशीवर वा ओट्याच्या कडेवर आपटल्यास ती प्राणघातक ठरू शकते. उतारवयात हाडे ठिसूळ झाल्यामुळे दोन पायऱ्यांवरून पडूनही खुब्याचे हाड मोडते.

मानके : शिड्यांची बांधणी व वापर यांविषयीची अमेरिकन सुरक्षा-संहिता प्रथम १९२३ मध्ये तयार झाली. पुढे तेथे भारक्षमतेनुसार वर्ग पाडण्यात आले. त्यांत हलक्या घरगुती कामासाठीचा तिसरा वर्ग सु. ९१ किग्रॅ. (२०० पौंड) भाराचा आहे. हा भार म्हणजे चढणाऱ्याचे वजन अधिक त्याच्या हातातील व अंगावरील सामान होय. ब्रिटनमध्येही घरगुती, व्यापारी व औद्योगिक असे निरनिराळे वर्ग होते. यूरोपात मानक क्रमांक १३१ च्या २०१८ पासून अंमलात आलेल्या सुधारणेने व्यावसायिक व अव्यावसायिक असे दोनच वर्ग ठेवले. दोहोंची कमाल भारमर्यादा १५० किग्रॅ. हीच आहे. भेद आहे तो मुख्यतः टिकाऊपणात : दुहेरी शिडीवर भार ठेवण्याची व काढण्याची क्रिया व्यावसायिक वर्गासाठी ५०,००० वेळा, तर अव्यावसायिक वर्गासाठी १०,००० वेळा करून पाहिली जाते. बळाच्या चाचणीतील भारही दुसऱ्या वर्गासाठी काहीसा कमी असतो. क्वचित वापरणाऱ्याला कमी वर्षे टिकणारी शिडी चालेल, पण कमी वजन पेलणारी चालणार नाही, हे तत्त्व या वर्गवारीतून मान्य झाले. सरकत्या नळ्यांच्या शिड्यांसाठी याच मानकाचा स्वतंत्र सहावा भाग २०१५ मध्ये निघाला.

भारतात पाड व शिड्या यांच्या सुरक्षेविषयीच्या भारतीय मानक ३६९६ च्या दुसऱ्या भागात (१९९१ ची आवृत्ती) शिड्यांचा विचार केलेला असून त्याचा रोख मुख्यत्वे बांधकामावरील शिड्यांकडे आहे. अग्निशामक दलांच्या शिड्यांसाठी निराळी मानके आहेत. घरासाठी शिडी घेताना म्हणूनच केवळ विक्रेत्याच्या शब्दावर न विसंबता शिडीवर छापलेली भारमर्यादा व मानकाचा क्रमांक पाहणे इष्ट असते.

निवड : प्रथम उंची ठरवावी. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार राहत्या खोलीची किमान उंची २·७५ मी. असून पुष्कळ घरांत ती ३ मी. च्या आसपास असते. सु. १६० सेंमी. उंचीच्या व्यक्तीचा हात वर केल्यावर जवळजवळ २ मी. पर्यंत पोहोचतो. म्हणजे छताशी काम करण्यासाठी पाय ठेवण्याची जागा जमिनीपासून ०·९ ते १ मी. उंच हवी. दोन पायऱ्यांतील अंतर सु. २३ ते २५ सेंमी. धरल्यास चार पायऱ्यांची शिडी अशा घराला पुरते. पोटमाळ्यातील सामान काढण्यास बहुधा तीन पायऱ्या पुरेशा होतात. आखूड शिडीच्या शेंड्यावर उभे राहण्याचा मोह होतो, तर गरजेपेक्षा उंच शिडी महाग पडते व घरात ठेवण्यास जागा अधिक लागते. शेवटच्या पायरीच्या वर गुडघ्याच्या पुढे येणारी पकडदांडी असलेली शिडी अधिक बरी. कारण दोन्ही हात कामात गुंतल्यावर शरीर टेकण्यास तोच आधार उरतो.

कमी खर्चाची शिडी निकृष्टच असते असे नाही. परंतु काटकसर कोठे केलेली आहे, हे पाहावे लागते. रंग, झिलई, पायऱ्यांची संख्या, हत्यारे ठेवण्याचे तबक यांत केलेली काटकसर निरुपद्रवी असते. पायरी व दांडा यांचा सांधा, ताणपट्टी, बिजागरी व पायांचे रबरी बूट यांत केलेली काटकसर धोक्याची असते. शिडी पूर्ण उघडून दुसऱ्या पायरीवर उभे राहावे व बाजूला हलकेच हेलकावा द्यावा. दांडे पिळवटत असल्यास किंवा रिव्हेटांशी आवाज येत असल्यास ती घेऊ नये. पायरी निदान आठ सेंमी. रुंद व खाचेदार असावी. चारही पाय एकाच वेळी जमिनीला टेकले पाहिजेत. एक पाय किंचित अधांतरी राहत असेल, तर तो दोष वापराने कमी न होता वाढतच जातो.

वापर व निगा : दुहेरी शिडी पूर्ण उघडून, ताणपट्ट्या ताठ झाल्याची खात्री करून व कामाकडे तोंड करून चढावे. मिटलेली शिडी भिंतीला टेकवून वापरू नये. कारण त्या स्थितीत तिचे पाय केवळ कडांवर टेकतात. चढता-उतरताना दोन पाय व एक हात किंवा दोन हात व एक पाय असे तीन आधार कायम ठेवावेत. शरीराचा मध्य दोन्ही दांड्यांच्या दरम्यान राहील इतकेच झुकावे; काम दूर असल्यास उतरून शिडी सरकवावी. विजेच्या कामाआधी मुख्य बटण बंद करावे, मग शिडी कोणत्याही द्रव्याची असो. ओली फरशी, पायपुसणे व सतरंजी यांवर शिडी उभी करू नये.

लाकडी शिडीला अपारदर्शक रंग देऊ नये. त्याखाली तडा व कीड झाकली जाते. पारदर्शक रोगण किंवा जवसाचे उकळलेले तेल पुरेसे असते. बांबूच्या शिडीचे दोर पावसाळ्यानंतर तपासून बदलावेत. धातूच्या शिडीचे रबरी बूट झिजून धातू उघडा पडण्यापूर्वी बदलावेत. वाकलेला दांडा ठोकून सरळ करू नये, कारण एकदा वाकलेला पातळ नळीचा भाग पुन्हा पूर्ववत बळकट होत नाही. वर्षभर पडून राहिलेली शिडी वापरण्यापूर्वी सर्व सांधे, खिट्ट्या व पाय पाहून घेणे, हे जुन्या काळी बांबू ठोकून पाहण्याच्या सवयीचेच आजचे रूप होय. शिडी कितीही सुधारली, तरी ही पाहणी तिच्यात बसवून देता आलेली नाही. ती वापरणाऱ्यालाच करावी लागते.